खुडूक कोंबडीखालची चार अंडी

ऋतिका: हे कोंबडीचं नाही, काकी. हातात घेऊन तरी बघा.

आवडी: बघायचं काय त्यात? अंडं म्हंजे अंडं. ठेव ते टोपलीत नि बाहेर ये. पेंढ्यात इंचूकाटा असतो, उगा डसंल काय तरी.

ऋतिका: एका अंगाला निमुळतं, मातकट रंगाचं, वर सगळे काळे शिंतोडे. तुमची कोंबडी कधीपासून असली अंडी घालायला लागली?

आवडी: गावठी कोंबडी हाय ती. गावठीचा काय नेम नाय.

ऋतिका: चारही अंड्यांचा नेम चुकला?

आवडी: चार हायत? मी मोजली नाय बाय. तू हातपाय धू जा. दिवसभर उन्हातनं आलीस.

ऋतिका: काकी, विषय बदलू नका. मी पिल्लं बघायला वाकले होते. कोंबडी सकाळीच पिल्लं घेऊन अंगणात उतरलीय, मग टोपलीत काय उरलं म्हणून पेंढा बाजूला केला, तर ही चार. दोन वर्षं मी तुमच्या पडवीत राहतेय, रोज नदीत उतरून टिटवीच्या अंड्यांचे फोटो काढतेय. टिटवीचं अंडं मला डोळे मिटून हाताला लागलं तरी कळेल.

आवडी: टिटवीची असतील मग. दुनियेत टिटव्या काय थोड्या हायत? कोन तरी पोरानं कुठून तरी आनून ठेवली असतील.

ऋतिका: कुठून ते मी सांगते. इकडे या, लॅपटॉपवर बघा. हा फोटो आपल्या नदीतल्या गाळाच्या बेटावरचा. गाळ काढायचं मशीन चढायच्या आधीचा. अंड्याशेजारी ही राखाडी पट्टी दिसते?

आवडी: ती तू रोज ठेवतेस ती. कशाला ठेवतेस ते मेलं मला अजून कळलं नाय.

ऋतिका: ऊन कमीजास्त झालं की रंग वेगळा दिसतो. सकाळी पिवळट, दुपारी पांढरट. पट्टीचा रंग मात्र ठरलेला. तिच्यावरून अंड्याचा खरा रंग काढता येतो. मग कॉम्प्युटर ठिपके मोजतो, केवढे आहेत, किती दाट आहेत, कुठल्या टोकाला जास्त आहेत. आता हे हातातलं अंडं त्याच पट्टीशेजारी ठेवून फोटो काढला. हा बघा. जाड टोकाला ठिपके एकमेकांत मिसळून कडं झालंय. त्या कड्यातून एक ओघळ खाली उतरलाय.

आवडी: मला चष्म्याबिगर काय दिसत नाय.

ऋतिका: मग चष्मा घाला. तिथं खुंटीला आहे.

आवडी: घातला. हं.

ऋतिका: दोन्ही सारखी की नाही?

आवडी: सारखीच असनार. टिटवीचं अंडं टिटवीसारखं नाय दिसनार तर काय म्हशीसारखं दिसंल?

ऋतिका: प्रत्येक टिटवीचा हात वेगळा असतो, काकी. एकीचे ठिपके बारीक, मोहरी उधळल्यासारखे. एकीचे जाड, शाई सांडल्यासारखे. टिटवी यंदा जशी अंडी घालते तशीच साधारण पुढच्या वर्षी. परवा बारशाला भाकऱ्यांची चवड बघून तुम्ही सांगितलंत ना, ही रेश्माच्या हातची, ही बयाबाईच्या हातची?

आवडी: ते काय कठीण हाय? रेश्मा बोटं दाबून थापते, सगळ्या भाकरीवर तिची बोटं. बयाबाईची कड फाटते, चाळीस वर्षं फाटते.

ऋतिका: तसंच आहे हे. ही चारही अंडी बेटावरच्याच टिटवीच्या हातची. दुसऱ्या कुणाची नाहीत.

आवडी: आनि समजा, असली. मग?

ऋतिका: मग? काकी, ही अंडी चोरली म्हणून चांगूकाका सकाळपासून महाडला वनखात्याच्या ऑफिसात बसलेत.

आवडी: कोन? भावजी? गप गो. भावजी पोलादपूरला गेलेत, बहिनीकडं. मला सांगून गेले.

ऋतिका: तुम्हाला तसं सांगितलं असेल. आज तुम्ही वाडीत गेलाच नाहीत, म्हणून कानावर आलं नाही. सकाळी गार्ड आला होता. गाडीत बसवून घेऊन गेला.

आवडी: पन नवा सदरा घालून गेले ते. हसत गेले. "वैनी, उशीर व्हईल" म्हनाले. त्यांचा काय संबंध अंड्यांशी? त्यांनी हातबी लावला नाय. कोनी नाव घेतलं त्यांचं?

ऋतिका: काकी...

आवडी: कोनी घेतलं गो?

ऋतिका: मी.

आवडी: तू.

ऋतिका: घरटं रिकामं दिसलं तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. बेटावर मुक्कामाला माणूस एकच, पोकलेनवर राखण करणारे चांगूकाका. दोनच दिवस आधी माझ्यावर ओरडले होते, "चार अंड्यांपायी गावाचं काम अडवलंस, एक दिवस येशील नि अंडी नसतील." वनखात्याच्या साहेबांनी विचारलं, कुणावर संशय आहे का? मी नाव सांगितलं.

आवडी: बघितलं व्हतंस तू?

ऋतिका: नाही.

आवडी: कोनी सांगितलं व्हतं?

ऋतिका: नाही.

आवडी: असंच सांगितलंस. फोनवर.

ऋतिका: फोनवर.

आवडी: दोन ठिपके सारखे हायत म्हनायला तू चार चार दिवस काढतेस. त्या यंत्रापुढं डोळे फोडतेस. मी चहा आनून ठेवते, तो गार होतो, वर साय धरते. इचारलं तर म्हनतेस, काकी, अजून नक्की नाय. नि मानसाचं नाव घ्यायला तुला एक फोन पुरला?

ऋतिका: चुकलं माझं.

आवडी: उचलली जीभ लावली टाळ्याला. तवा नाय ठेवलीस ती राखाडी पट्टी बाजूला?

ऋतिका: बोला. मला बोलायलाच पाहिजे. पण काकी, तुम्हाला तर माहीत होतं ना? अंडी तुमच्या घरात, तुमच्या टोपलीत. गावात सगळीकडे चर्चा, टिटवीची अंडी गेली, कुणी नेली असतील. तुम्हीसुद्धा माझ्यासमोर हळहळलात. "अरेरे" म्हणालात.

आवडी: मला काय ठावं, टिटवीच्या अंड्यापायी मानूस नेतात ते? अंडी जातातच की. मुंगूस खातं, कावळा उचलतो, ढोराचा पाय पडतो. मी म्हटलं, चार दिवस बोलतील नि गप बसतील. पिल्लं निघाली की तुझ्या हातात आनून देईन. तुला केवढा आनंद व्हईल. ते सारखं डोळ्यापुढं येत व्हतं माझ्या.

ऋतिका: कधी आणलीत?

आवडी: तू महाडला घरी गेलीस ना रविवारी, तवाच. भर दुपारची. पदरात घालून आनली.

ऋतिका: पण का?

आवडी: तू शिवली व्हतीस त्यांना.

ऋतिका: म्हणजे?

आवडी: मानसानं शिवलेलं अंडं पाखरू टाकतं. घरट्यातनं पडलेलं पिल्लू आपन उचलून ठेवलं तर बाकीची टोचून मारतात त्याला. हे लहान पोरालाबी ठावं हाय. तू रोज उचलायचीस, पट्टीला लावायचीस, उलटंपालटं करायचीस. मी कपडे धुवायला नदीवर असायची, तिथनं बघायची. टिटवी पोट भिजवून यायची...

ऋतिका: अंडी गार राहावीत म्हणून. ओलं पोट घेऊन बसते ती.

आवडी: बसायची नाय ना पन! तीच तर गोष्ट हाय. भिजवून यायची, जवळ यायची, नि परत उडायची. डोक्यावर घिरट्या, टिटीव टिटीव, कान किटायचे. खालचे गोटे असे तापलेले, की पाय ठेववत नाय. अंडी शिजत व्हती गो ती. मी म्हटलं, टाकलीन तिनं. आता ही मरनार.

ऋतिका: पक्षी शिवल्यामुळं अंडी टाकत नाहीत, काकी. तो समज आहे.

आवडी: मग बसायची का नाय?

ऋतिका: मी बसलेली असायचे तिथं. छत्री लावून, कॅमेरा घेऊन. ती परत येते का, कधी येते, ते टिपायला.

आवडी: लांब बसायचीस की.

ऋतिका: लांबच होते. म्हणजे, मला वाटत होतं लांब आहे. पुरेशी लांब नव्हते.

आवडी: म्हंजे शिवून नाय टाकली, तुझ्या छत्रीला भ्याली. झालं काय मग येगळं? उन्हात पडली ती पडलीच ना, तुझ्यापायी?

ऋतिका: हो. माझ्यामुळं.

आवडी: रडू नको. मी रडवायला नाय बोलले.

ऋतिका: नाही रडत. पण काकी, तेवढंच कारण होतं? अंडी हलली की पोकलेन त्या कोपऱ्यावर चढणार, हे तुम्हाला माहीत होतं.

आवडी: व्हतं.

ऋतिका: साहेबांनी एवढंच सांगितलं होतं, पिल्लं निघेपर्यंत तेवढा कोपरा सोडा. बाकी सगळा गाळ काढा म्हणाले होते.

आवडी: तेवढा कोपरा म्हंजे बेटाचं नाक गो. पुराच्या वर्षी पानी तिथंच अडलं नि वाडीकडं वळलं. नाक ठेवून बाकीचं काढलं काय नि नाय काय, सारखंच. पोकलेन नुसतं उभं. कंत्राटदाराचा मानूस म्हनला, तुमचं काय ठरत नसंल तर मशीन दुसरीकडं नेतो. मे अर्धा सरला. मिरग काय टिटवीला इचारून येतो?

ऋतिका: गावात तर म्हणत होते, यंदा टिटवीनं खाली नदीत अंडी घातली, म्हणजे पाऊस कमी.

आवडी: म्हनतात. टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर पेलायला, असंबी म्हनतात. म्हनून काय घरावर कौलं घालायची नाय? पुराच्या वर्षी तिनं कुठं घातली व्हतीन, आधी कोनी बघितलं नाय. सगळं वाहून गेल्यावर म्हनायला लागले, वर खळ्यात घातली व्हतीन.

ऋतिका: त्या पुरात माझंही घर बुडलं होतं, काकी. बाजारपेठेतलं. पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत पाणी होतं.

आवडी: तुला पहिला मजला व्हता.

ऋतिका: हं.

आवडी: मला माळा. माळ्यावर पानी आलं तवा भावजींनी वरनं कौलं काढली नि माझे केस धरून वर ओढलं. खरंच केस धरून. मग शेळीला ओढलं. स्वतःच्या घरातला भाताचा कणगा डोळ्यांदेखत वाहत गेला, तो बघत बसले कौलांवर. नि त्या मानसाला गाडीत घालून नेलं, तुझ्या बोलन्यावरनं नि माझ्या गप बसन्यावरनं.

ऋतिका: तुम्ही मला सांगितलं असतंत, तर...

आवडी: तर तू परत नेऊन ठेवली असतीस बेटावर. नि पोकलेन गेलं असतं. मला तू बी पायजे व्हतीस नि घर बी पायजे व्हतं. कोंबडी खुडूक व्हती, आठ अंड्यांवर बसलेली. म्हटलं, तिला चार जास्त काय जड? पाखरं वाचतील, घर वाचंल, कोनाचं काय जानार नाय. मला वाटलं, केवढी हुशार मी. करायला गेले एक नि झालं भलतंच.

ऋतिका: कोंबडीचं अंडं तीन आठवड्यांत फुटतं. टिटवीला आणखी आठवडा लागतो. तुमच्या कोंबडीची पिल्लं निघाली, ती उतरून गेली. ही तशीच राहिली, सकाळपासून गार पडलीत.

आवडी: बदकाची बसवतो तवा जास्त दिवस लागतात, ते ठावं हाय मला. बदक मोठं असतं. टिटवी तर एवढीशी, पायांच्या काड्या. मी म्हटलं, हिची आधीच फुटतील. मेली काय गो सगळी?

ऋतिका: बघूया. खिडकी लावा जरा. मी मोबाईलची बॅटरी अंड्याखाली धरते.

आवडी: आमी पूर्वी कंदिलावर बघायचो. लावली खिडकी. बघ.

ऋतिका: हे गार आहे. आत काहीच हलत नाही.

आवडी: दुसरं घे.

ऋतिका: हेही नाही.

आवडी: देवा रे. माझ्या हातानं.

ऋतिका: थांबा. बोलू नका. हे बघा, इथं.

आवडी: शीर! लाल शीर दिसते.

ऋतिका: आणि आतला अंधार हलतोय. हलला. परत हलला. जिवंत आहे हे.

आवडी: चवथं?

ऋतिका: चौथं बहुतेक गेलं.

आवडी: बहुतेक म्हंजे?

ऋतिका: नक्की नाही सांगता येत.

आवडी: नक्की नसंल तर गेलं म्हनू नको. आन इकडं दोन्ही. पोलक्यात ठेवते, अंगाची ऊब लागंल. बयाबाईची कोंबडी कालच खुडूक झालेय, तिच्याखाली घालू. का बेटावर नेतेस परत?

ऋतिका: बेटाचं नाक राहिलं कुठं? काल शेवटचा डंपर गेला. टिटवी अजून तिथंच ओरडतेय, पाण्यावर.

आवडी: ऐकते मी. रात्रंदिवस ऐकते. तुला काय वाटलं, मला झोप येते?

ऋतिका: मी साहेबांना फोन लावते.

आवडी: काय सांगशील?

ऋतिका: खरं ते.

आवडी: माझं नाव?

ऋतिका: तुम्ही सांगा. घेऊ?

आवडी: चोर सोडून संन्याशाला फाशी नको, हे मलाबी कळतं. पन बायकांना नेतात काय गो? त्या गाडीत बसवून?

ऋतिका: लगेच नेणार नाहीत. बोलावतील, विचारतील. पुढं केस होईल की नाही, मला खरंच माहीत नाही. टिटवी आपल्याला रोजची आहे, पण कायद्यानं कुठल्याच रानपाखराच्या अंड्याला हात लावता येत नाही. मी लावते तो परवानगी काढून.

आवडी: माझ्या मंगेशचं लगीन ठरतंय. मुंबईची सोयरीक. त्यांच्या कानावर गेलं तर काय म्हनतील, सासू अंडी चोरते?

ऋतिका: फोन उचलत नाहीत साहेब. मिटिंगमध्ये असतील.

आवडी: आधी भावजींना आनू आपन. उठ. रिक्षानं जाऊ.

(अंगणात कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेऊन फिस्कारते. चांगू पायरीशी येऊन उभा राहतो. घर सख्ख्या भावाचं, चाळीस वर्षांचा राबता, तरी आज आत ये म्हणायची वाट बघतो.)

चांगू: वैनी, पानी दे गो.

आवडी: भावजी! असे दारात काय उभे? या, आत या. पोलादपूरला गेला व्हता ना?

चांगू: व्हय. पोलादपूरला.

आवडी: बहीन बरी हाय?

चांगू: बरी हाय.

आवडी: पोरंबाळं?

चांगू: सगळी बरी हायत.

आवडी: भावजी, मला कळलंय.

चांगू: हिनं सांगितलंन?

ऋतिका: काका, मी तुमचं नाव घ्यायला नको होतं. मी काही पाहिलं नव्हतं. माझी चूक आहे, मी...

चांगू: तुझ्याशी मी आज बोलत नाय. राग हाय मला, खोटं कशाला सांगू? आज बोललो तर वाईट बोलंन. श्रीपतच्या दुकानापुढं गाडी थांबवलीन. सगळी वाडी बघत व्हती. आजवर कोनाच्या आंब्याला मी दगड मारला नाय.

ऋतिका: बरोबर आहे तुमचं.

चांगू: बरोबर हाय ते मला ठावं हाय.

आवडी: सोडलं ना पन त्यांनी?

चांगू: सोडलं. साहेब मानूस वाईट नाय. खुर्ची दिलान, चहा दिलान. सोमवारी परत ये म्हनला.

ऋतिका: सोमवारी कशाला? तुम्ही नाही म्हणालात ना?

चांगू: नाय म्हनालो नाय.

आवडी: मग काय म्हनालात?

चांगू: म्हटलं, मी खाल्ली.

आवडी: काय खाल्ली?

चांगू: अंडी. भाजून खाल्ली म्हटलं. चूल पेटवून.

आवडी: भावजी, तुमच्या गळ्यात माळ हाय! अंड्याचा वाससुदीक सोसत नाय तुमाला. माझ्या हातचं पानी पीत नाय, मी अंडं फोडलं असलं तर.

चांगू: माळ सदऱ्याच्या आत घातली.

आवडी: असं का केलंत पन?

चांगू: मी बघितलं व्हतं तुला. दुपारचा पोकलेनच्या सावलीत पडलो व्हतो. तू पदर दोन हातांनी धरून चाललेलीस, पोर आनल्यासारखी. पदरात काय हाय ते कळलं मला. साहेब इचारायला लागला, तुमी नाय तर दुसरं कोन येतं तिथं? एकदा नाय म्हटलं की त्याला दुसरं नाव द्यायला लागतं. म्हटलं, नावं सांगायचा धंदा आपला नाय.

ऋतिका: काका, मला मान्य आहे. बोला अजून.

चांगू: तुला नाय बोललो. झालं ते सांगितलं.

आवडी: मला एका शब्दानं सांगायचं तरी!

चांगू: सांगितलं असतं तर तू मागनं आली असतीस.

आवडी: आलीच असती!

चांगू: म्हनून नाय सांगितलं.

ऋतिका: काका, अंडी इथंच आहेत. कोंबडीखाली ठेवली होती काकींनी, वाचवायला. एक नक्की जिवंत आहे. मी साहेबांना सांगते, जबाब बदलता येईल.

चांगू: काय गरज नाय. झाकली मूठ झाकलेली राहू दे. दंड व्हईल, खेपा व्हतील. मी एकटा जीव. राखन तर गेलीच, कंत्राटदाराचा मानूस वाटेत भेटला, म्हनला उद्यापासून येऊ नको. आता गेलेलं परत येनार हाय काय? वैनीच्या घरी लगीनकार्य हाय.

ऋतिका: पण अंडी जुळतात. माझ्या फोटोत स्पष्ट दिसतंय, ही त्याच घरट्यातली.

चांगू: कुठली हायत ते दिसतं. कोनी नेली ते दिसतं काय तुझ्या फोटोत?

ऋतिका: नाही.

चांगू: मग मिटलं.

आवडी: मिटलं कसं? गावात "अंडी खाल्लीन" म्हनून तुमच्याकडं बोट दाखवतील. देवळात पुढं बसता तुमी. नि आठवड्यानं हे पिल्लू बाहेर येईल, अंगनात पळंल. त्याला काय सांगू मी, बाबा, तुला कधीच भाजून खाल्लाय म्हनून?

चांगू: हसवू नको वैनी. माझं डोकं दुखतंय.

आवडी: मी हसवत नाय. मला तोंड कसं दाखवायचं, ते कळत नाय.

ऋतिका: फोन वाजतोय. साहेबांचा आहे.

चांगू: उचलू नको.

ऋतिका: उचलायला हवा, काका. हॅलो. हो सर, मीच लावला होता. सर, अंडी सापडली. हो, तीच. फोटोशी जुळवून बघितली, चारही. नाही सर, कुणी खाल्लेली नाहीत, एक जिवंत आहे. म्हणजे चांगूकाकांचा जबाब खरा नाही. हो, नाव मीच सांगितलं होतं. नाही, पाहिलं नव्हतं. काहीच पाहिलं नव्हतं, सर, माहीत नसताना बोलले. त्यांच्यासमोर लिहून देते तसं, गावासमोर सांगते. माझी परवानगी राहील की जाईल ते तुम्ही ठरवा. काय म्हणालात? कुणाकडे सापडली? सर, ते मी...

आवडी: आन इकडं तो फोन.

चांगू: वैनी, बस खाली.

आवडी: भावजी, हे धरा. दोन्ही धरा. मुठीत दाबू नका, छातीशी धरा, गार व्हऊ देऊ नका.

चांगू: वैनी, मी अंड्याला...

आवडी: धरा म्हनते ना! असं. आता हलू नका. हॅलो? साहेब? मी आवडी बोलते, ही पोर ऱ्हाते त्या घरातली. अंडी माझ्याकडं हायत. मीच आनली... व्हय, मीच. एकटीनं... नाय, भावजींना काय ठावं नव्हतं. म्हंजे ठावं व्हतं, पन त्यांनी हात लावला नाय. खोटं बोलले ते तुमच्याशी, आयुष्यात पयल्यांदा, माझ्यापायी... कशाला आनली ते समोर येऊन सांगते, फोनवर सांगन्यासारखं नाय... येते ना. सकाळच्या यष्टीनं येते, गाडी पाठवू नका, वाडी बघते... व्हय. व्हय साहेब. ठेवू का आता? भावजी सकाळधरनं उपाशी हायत, त्यांना वाढायचंय.